गहू 2024-25: पेरणीची तारीख आणि एकविसाव्या दिवसाचं पाणी

20 ऑक्टोबर 2024

मारुतीच्या देवळात गटाची बैठक झाली. येत्या रब्बीत चौघांच्या रानात गहू मोजूनमापून करायचा आणि त्याची तारीखवार नोंद ठेवायची असं ठरलं. वही माझ्याकडं आली.

गव्हावर एवढा घाट कशाला, असं विचारणारे होतेच. आमच्या साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात डोकं लावायचं ते आल्याला, उसाला, नाहीतर घेवड्याला. गहू घरच्या चपातीपुरता, सवड होईल तेव्हा टाकलेला. कुणी दिवाळी झाली की पेरतो, कुणी ऊस तुटल्यावर डिसेंबर सरता सरता. मग उतारा पडत नाही म्हणून युरियाची आणखी एक गोणी आणि आणखी एक पाणी.

माझं म्हणणं बैठकीत मांडलं तेच लिहून ठेवते. गव्हाला लागणारी थंडी आपल्याकडं जेमतेम तीन महिने असते, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पंजाबात ती जास्त दिवस टिकते, तिथं हेक्टरी 45 ते 50 क्विंटल निघतात. आपल्या राज्याची सरासरी 18 च्या आगेमागे राहते. थंडीचे दिवस वाढवणं कुणाच्याच हातात नाही. पण आहेत त्यांतला एकही दिवस फुकट जाऊ द्यायचा नाही, एवढं तर करता येईल. मुदतीत पेरणी, नेमक्या अवस्थेला पाणी आणि पीक मागेल तेवढंच नत्र. यातलं काहीही विकत आणावं लागत नाही.

करंजखोपचा विषय निघाला. ते आपल्याच तालुक्यातलं गाव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 6478 हा वाण तिथं केला आणि हेक्टरी 45 ते 60 क्विंटल उतारा आला, हे 2021 मध्ये जाहीर झालं. त्याआधी लोक-1, एचडी 2189 असे जुने वाण होते तेव्हा 25 ते 30 निघत होते. आबा म्हणाले, "मग बी बदललं की झालं, सूनबाई. वही कशाला पाहिजे?" बी बदलायचंच आहे. हाच वाण घेतोय. 110 दिवसांत येतो, पानावरच्या आणि खोडावरच्या तांबेरा रोगाला दाद देत नाही, दाण्यात प्रथिनं 14 टक्क्यांच्या घरात. पण 110 दिवसांचा गहू डिसेंबरच्या मध्यात पेरला तर त्याचे दाणे भरायचे दिवस मार्चच्या उन्हात जातात. त्याला वाण काय करणार?

27 ऑक्टोबर

माती परीक्षणाचे कागद आले. चारही रानांत सेंद्रिय कर्ब कमी, सामू (पीएच) 8 च्या वर, पालाश भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) मध्यम, जस्त कमी. आपल्या काळ्या रानात पालाश असतोच, त्यामुळं पोटॅशची गोणी या वर्षी नाही. जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी 8 किलो, शेणखतात मिसळून. सुपर फॉस्फेटमध्ये कालवायचं नाही, दोन्ही एकमेकांना अडकवतात.

चार रानं अशी: आबांचं सोयाबीन निघालेलं, काकींचं वाघ्या घेवडा निघालेलं, आमचंही सोयाबीनचंच, आणि नानांचं, जिथं अजून खोडवा, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, उभा आहे. कारखाने 15 नोव्हेंबरला सुरू होणार म्हणतात, म्हणजे नानांचा ऊस डिसेंबरात तुटणार. ते रान मुद्दाम घेतलंय. उशिराच्या पेरणीत काय होतं ते आपल्याच मातीत दिसलेलं बरं.

काकींचा हिशोब वेगळा होता. घेवडा हे कडधान्य, त्यानं रानात नत्र सोडलेलं असणार, तेव्हा युरिया निम्मा करू. त्यांना समजावून सांगावं लागलं. घेवडा राजम्याच्या जातीचा. त्याच्या मुळांवर आपल्याकडं गाठी फारशा धरत नाहीत. म्हणून तर त्याला स्वतःलाच नत्राचं खत घालावं लागतं. सोयाबीनचं झाड उपटलं तर गाठी ढिगानं दिसतात, शिवाय पाला गळून रानातच पडतो. त्यामुळं युरिया कमी करून बघायचाच असेल तर तो सोयाबीनच्या रानात.

3 नोव्हेंबर

भाऊबीज. घरात पाहुणे, तरी संध्याकाळी तारखेचं ठरवलं, कारण ते आज ठरलं नसतं तर आठवडा गेला असता.

मुदतीची पेरणी म्हणजे 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलचा फटका बसतो असं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं सांगणं आहे. पण आम्ही तारीख काढली ती पाण्यावरून, उलटी मोजत. गव्हाच्या चार वेळा ठरलेल्या आहेत. 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, 40 ते 45 दिवसांनी कांडी धरते, 60 ते 65 ला फुलोरा, 80 ते 85 ला दाणे भरतात. विहिरींना पहिली दोन पाणी पुरतील. तिसऱ्याला त्यांचा तळ दिसायला लागतो. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीनं सुटणारं पाणी, 10 जानेवारीच्या सुमारास येईल असा अंदाज आहे. तिथून 62-63 दिवस मागं मोजलं की 8-9 नोव्हेंबर येतो. म्हणून पेरणी 8 ला.

बियाण्याची उगवण तपासली. ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते, शंभरात नव्वद उगवले. प्रमाणित बियाण्याला किमान 85 टक्के लागते, तेव्हा चांगलं आहे.

6 नोव्हेंबर

डीएपी खतासाठी कोरेगावात फिरणं झालं, मिळालं नाही. सगळीकडंच टंचाई आहे. मग सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं. एकरी 24 किलो स्फुरद द्यायचा, सुपरमध्ये तो 16 टक्के, म्हणजे 150 किलो, बरोबर तीन गोण्या. सोबत गंधक मिळतं ते वेगळं, आणि गव्हाच्या प्रथिनांना गंधक लागतंच. डीएपी नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा. नत्र एकरी 48 किलो, अर्धं पेरणीला, अर्धं पहिल्या पाण्याला. युरियात 46 टक्के, तेव्हा दोन्ही वेळेस 52-52 किलो.

बियाणं किती, यावर आजचा बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. इकडं सर्रास एकरी 50-55 किलो टाकतात. दाट पेरलं की दाट येतं, ही समजूत. शिफारस 40 किलोची आहे, पण तीही डोळे मिटून घ्यायची नाही, दाण्याचं वजन बघायचं. हजार दाणे मोजले, काकींच्या नातवंडांनी मदत केली. 42 ग्रॅम भरले. चौरस मीटरला 220 रोपं हवीत, एकराला साधारण 8 लाख 90 हजार. त्याचे झाले 37 किलो 400 ग्रॅम. शंभरातले नव्वद उगवतात म्हणून थोडं वाढवून साडेएकेचाळीस किलो. दाणा याहून बारीक असता तर एवढ्याच रोपांना कमी किलो लागलं असतं.

8 नोव्हेंबर

पेरणी. सकाळी सातला भाऊजींचा ट्रॅक्टर आबांच्या रानात. परतीच्या पावसानं पेरणीजोगी घात (ओल) छान आली होती, रान ओलवायची गरज पडली नाही.

आधी यंत्र मोजून घेतलं. नऊ फणांचं, दोन फणांत 20 सेंटीमीटर, म्हणजे एका फेऱ्यात 1.8 मीटरचा पट्टा. चाकाचा घेर दीड मीटर. चाक जमिनीपासून उचललं, नळ्यांखाली पिशव्या बांधल्या आणि चाक हातानं वीस वेळा फिरवलं. म्हणजे 30 मीटर चालल्यासारखं झालं, 54 चौरस मीटर. तेवढ्या जागेत 554 ग्रॅम पडायला हवं होतं. पडलं 720. एकरी 54 किलोचा हिशोब. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गावभर याच खुणेवर पेरतोय मी." खूण एकेक घर मागं घेत 560 ग्रॅमवर आणली आणि तिथं रंग लावून ठेवला. यंत्रावरचा तो एक ठिपका पुढं ज्याच्या ज्याच्या रानात जाईल त्याचं बियाणं वाचवेल.

खोली 5 सेंटीमीटर. बियाण्याला कार्बोक्सिन-थायरम किलोला 3 ग्रॅम चोळून काल ठेवलं होतं, आज सकाळी अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणूखत, दहा किलोला अडीचशे-अडीचशे ग्रॅम, सावलीत लावलं.

आबांच्या रानात मधोमध तीन मीटरची एक पट्टी आखली. तिथं युरिया दुप्पट पडणार. खुंट्या मारल्या. ही पट्टी म्हणजे आमची मोजपट्टी. बाकीचा गहू हिच्याइतकाच हिरवा दिसला तर त्याला नत्र कमी नाही, हे कुठल्याही कागदाशिवाय कुणालाही दिसेल.

काकींनी चार गुंठ्यांत खपली टाकली. त्या दरवर्षी टाकतात. खिरीला दुसरा गहू त्यांना चालत नाही.

20 नोव्हेंबर

मतदानाचा दिवस, रानात मजूर नाही. रोपं मोजली. एका मीटर ओळीत 44 हवी होती, ठिकठिकाणी 38 ते 46 भरली. एवढ्या विरळ पेरणीत रान उघडं दिसतं अशी आबांची कुरकुर. फुटवे यायचे आहेत अजून.

29 नोव्हेंबर

एकविसावा दिवस. आज सगळ्यांना आबांच्या बांधावर बोलावलं होतं, कारण या हंगामातली दाखवण्याजोगी सगळ्यात मोलाची गोष्ट आज मातीत होती.

खुरप्यानं खोल मातीसकट एक रोप काढलं आणि दंडाच्या पाण्यात हलक्या हातानं धुतलं. तळाशी पेरलेल्या दाण्याचं रिकामं टरफल अजून लटकत होतं, त्याला दोऱ्यासारखी बारीक मुळं. ती बियाण्याची मुळं. तिथून एक पांढरट काडी वर आलेली, आणि जमिनीच्या जरा खाली, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, एक गाठ. त्या गाठीतून दोन जाड, पांढरीशुभ्र मुळं नुकती बाहेर पडलेली, लांबीला गव्हाच्या दाण्याएवढीसुद्धा नाहीत. ही मुकुटमुळं. पुढचे अडीच महिने पीक यांच्यावर उभं राहायचं, आणि फुटवेही याच गाठीतून निघायचे. वरची दोन इंच माती आज कोरडी राहिली तर ही मुळं तिच्यात शिरत नाहीत, तिथंच करपतात. मग नंतर कितीही पाणी दिलं तरी गेलेला फुटवा परत येत नाही.

बांधाच्या कडेला यंत्र खोल गेलं होतं, तिथलंही एक रोप काढलं. दाण्यापासून गाठीपर्यंतची काडी लांबलचक, आणि फुटव्याचा पत्ता नाही. वर यायलाच त्याची ताकद गेली. आबांनी दोन्ही रोपं हातात शेजारी शेजारी धरून पाहिली आणि ती घरी दाखवायला पंच्याच्या टोकात बांधून नेली.

खुरपणी काल झाली. युरिया टाकला आणि पाठोपाठ तुषार संचानं हलकं पाणी. युरिया ओल्या रानावर उन्हात पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, सामू जास्त असलेल्या जमिनीत तर जास्तच. पाठोपाठ पाणी मिळालं की तो मुळाशी उतरतो. आबांच्या आणि आमच्या सोयाबीनच्या रानात दुसऱ्या हप्त्यातला पाव भाग कमी केला, 39 किलोच दिला. काकींच्या घेवड्याच्या रानात पूर्ण.

3 डिसेंबर

आभाळ. थंडी एकाएकी गेली. 30 नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं, त्याचे ढग इथवर आलेत.

याचा गव्हाशी संबंध आहे, म्हणून नोंद. खोडावरच्या तांबेऱ्याचे बीजाणू उन्हाळ्यात मैदानात तग धरत नाहीत. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांत ते जिवंत राहतात आणि नोव्हेंबरच्या आसपासच्या वादळी वाऱ्यांबरोबर वर मध्य भारतापर्यंत येतात, पावसानं खाली उतरतात. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, ते उगाच नाही. तिथल्या थंड, दमट हवेत तांबेरा वाढतो, त्यामुळं त्याचा अभ्यास करायला ती जागा सोयीची.

आमचा वाण तांबेऱ्याला टिकणारा, तरी दर चार दिवसांनी खालची पानं बोटानं पुसून बघायचं ठरलं. बोटाला विटकरी पूड लागली तरच प्रोपिकोनॅझोल, लिटरला 1 मिली. दिसल्याशिवाय फवारायचं नाही. दुकानदार आत्तापासूनच "सुरक्षा म्हणून एक मारून घ्या" म्हणतोय, त्याचं ऐकायचं नाही असं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

काकींच्या खपलीची तर काळजीच नाही. जगभरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला बारा गव्हांचा जो जुना संच वापरत, त्यात एक गहू 'खपली' याच नावानं होता, इतकी त्याची तांबेऱ्यासमोर टिकायची ख्याती. हे काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पोरी, एवढी वर्षं मला येड्यात का काढत होते सगळे?"

13 डिसेंबर

नानांचा ऊस 5 ला तुटला. खोडव्याचे बुडखे काढून रान तयार व्हायला आठवडा. आज पेरणी, पस्तीस दिवस मागून.

इथं वाण फुले समाधान, निफाडच्या संशोधन केंद्राचा, उशिराच्या पेरणीलाही चालणारा. बियाणं एकरी 50 किलो, ओळी 18 सेंटीमीटरवर, कारण उशिरा फुटवे कमी येतात आणि रोपांच्या संख्येनं ते भरून काढायचं असतं.

पाचट पेटवू दिलं नाही, त्यावरून जरा बोलाचाली झाली. कुट्टी करून रानातच गाडू असं नानांच्या मुलाचं म्हणणं. एरवी तेच करायचं असतं. पण आज गाडून आजच गहू पेरला तर पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून पाचट बांधाला ओढून थर लावले, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक. पावसाळ्याच्या तोंडाला खत होईल.

21 डिसेंबर

बेचाळीस दिवस कालच झाले, पण लाईट रात्रीची, त्यामुळं दुसरं पाणी रात्री दहानंतर सुरू झालं. थंडीत दारं धरायला जावं लागलं नाही हे तुषार संचाचं मोठं सुख. आमच्या रानात मात्र संच नाही, सारे (वरंब्यांमधले लांब वाफे) पाडलेत. सारे लांब ठेवले की वरच्या टोकाला पाणी तुंबतं आणि खालचं टोक तहानलेलं राहतं. मधे एक आडवा वरंबा घालून सारे निम्म्यानं तोडले. पहिल्या पाण्यापेक्षा दीड तास कमी मोटर चालली, आणि खालच्या टोकाचा गहूही आता वरच्याला गाठतोय.

फुटवे मोजले. पेरणीला विरळ वाटणारं रान आता ओळीओळीतून दिसेनासं झालंय. आबा बोलले नाहीत काही, पण आज त्यांनी स्वतः मोजले.

तण: चंदन बटवा बांधाकडं बराच. त्यातला कोवळा भाजीला गेला, उरलेला उपटला. तणनाशकाची गरज नाही.

9 जानेवारी 2025

फुलोरा. आवर्तन पुढं गेलं, आठवडाभर तरी. अशा वेळी काय सोडायचं आणि काय धरायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं. बासष्टाव्या दिवसाचं पाणी चुकवायचं नाही, त्यात लोंबीतल्या दाण्यांची संख्या ठरते. म्हणून विहिरीत साठवलेलं पाणी आत्ताच काढलं, आणि कालव्याचं येईल ते दाणे भरायला ठेवलं. विहिरी दोन दिवस मोकळ्या पडल्या. आल्याला त्या दोन दिवसांत ठिबक बंद ठेवावं लागलं, त्याची तक्रार घरातूनच झाली.

पाणी तुषारनं दिलं नाही, साऱ्यांतून दिलं. फुलोऱ्यात वरून पाणी नको. वारा पडल्यावर, संध्याकाळी.

आबांच्या रानातली पट्टी बघायला आज पाच-सहा जण जमले. खुंट्या नसत्या तर पट्टी कुठं सुरू होते ते कुणालाच सांगता आलं नसतं. दोन्हीकडं तोच हिरवा. दुसऱ्या हप्त्यात पाव भाग युरिया कमी करूनही गव्हाला नत्र पुरलं होतं. फरक फक्त मावा कीड किती त्यात. पट्टीतली पानं लुसलुशीत, तिथं लोंबीच्या देठाला मावा जास्त. बाकी रानात थोडा, आणि त्याच्यावर ढालकिडे लागलेले. फवारणी नाही.

12 जानेवारी

बियाण्याच्या प्लॉटमधली भेसळ काढली. गहू स्वतःच्याच परागानं फळतो, त्यामुळं एकदा चांगलं बियाणं आणलं की नीट राखून तीन वर्षं घरचं वापरता येतं. अट एवढीच की उंच, वेगळ्या कुसळाची, आधी निसवलेली झाडं या दिवसांत उपटून टाकायची. काणी रोग पडलेल्या दोन काळ्या लोंब्या दिसल्या. त्या झटकल्या तर भुकटी उडून शेजारच्या फुलांत जाते, म्हणून आधी वरून पिशवी घातली, मग कापल्या आणि जाळल्या.

24 जानेवारी

कालव्याचं पाणी 18 ला आलं, काल आमची पाळी. रात्री वारा सुटला. सकाळी आबांच्या रानात दुप्पट युरियाची पट्टी तेवढी आडवी, दोन्ही बाजूंचा गहू उभा. खुंट्यांची आता गरजच उरली नाही. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतोय.

20 फेब्रुवारी

उकाडा. फेब्रुवारीत असं ऊन आम्हाला आठवत नाही. आमचा गहू पिवळा पडून वाळायला लागलाय, त्याचे दाणे जानेवारीच्या थंडीत भरून घेतलेत. नानांचा आत्ता चिकात आहे. दुपारी लोंबी हाताला गरम लागते. दाणा दुधाचा असताना पारा तिशीच्या वर राहिला की भरायचे दिवस कमी होतात, दाणा चिमतो. हलकं पाणी संध्याकाळी, आणि 19:19:19 या विद्राव्य खताची दोन टक्क्यांची दुसरी फवारणी उद्या. यानं थोडा आधार मिळेल.

27 फेब्रुवारी

आबांची आणि आमची कापणी. दाताखाली दाणा कटकन तुटला, तेव्हा विळा लावला. काकींची परवा. मळणीच्या वेळी यंत्राचा वेग कमी ठेवायला लावला, बियाण्याचा दाणा फुटता कामा नये.

5 मार्च

हवामान खात्यानं जाहीर केलंय की देशात 1901 पासूनचा हा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी होता.

वजनं झाली. आबांचं एकरी 18 क्विंटल, आमचं 17, काकींचं साडेसोळा. गेल्या वर्षी आबांना याच रानात 12 झाले होते. तेव्हा चार गोण्या युरिया गेला होता आणि पाणी सहा वेळा. या वर्षी दोन गोण्यांना एक किलो जास्त, आणि पाणी चार वेळा. आडव्या पडलेल्या पट्टीचा गहू वेगळा मळला होता, दाणा बारीक, उतारा कमी.

काड जाळायचं नाही हे कापणीआधीच कबूल करून घेतलं होतं. अक्षय तृतीयेनंतर आल्याची लागवड आहे, सगळं काड बेडवर आच्छादनाला जाणार. पहिल्या पावसाचा मार बेडवर बसत नाही, ओल टिकते आणि कुजून कर्ब वाढायला हातभार लागतो. माती परीक्षणात कर्बाचा आकडा वर न्यायचा तर एका वर्षात होणार नाही, पण सुरुवात काडीपासूनच होते. शेजारच्या गावातल्या आल्यावाल्यांनीही काडाची चौकशी केली.

काकींची खपली कांडायला मशीन जवळ नाही. सालीसकट पोत्यांत भरून ठेवलीय, लागेल तशी कांडतात. सालीमुळं कीडही लागत नाही, त्यामुळं घाई नाही.

22 मार्च

नानांचा गहू मळला. एकरी 11 क्विंटल. दाणा सुरकुतलेला, हजार दाणे 31 ग्रॅम. पंधरवड्याच्या हिशोबानं एकरी दोन क्विंटल कमी यायला हवे होते, उरलेलं फेब्रुवारीनं नेलं. नानांनी काळजी घेण्यात काही कमी केलं नव्हतं, खतपाणी सगळं वेळच्या वेळी होतं. पेरणीची तारीख तेवढी त्यांच्या हातात नव्हती.

बियाणं: आबांच्या रानातलं 6 क्विंटल बाजूला काढलंय. कडक उन्हात तीन दिवस वाळवून ओल 12 टक्क्यांच्या खाली आणली, नव्या गोणपाटात भरून फळ्यांवर ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब. यादी केली, चौदा जणांनी नावं दिली. ज्यांचं रान 15 नोव्हेंबरआधी मोकळं होणार नाही त्यांना या वाणाचं बियाणं द्यायचं नाही, यावर एकमत झालं. त्यांच्यासाठी दुसरं पीक सुचवू.

नाना खोडव्यानंतर आता गहू करणार नाहीत. तिथं जानेवारीअखेर उन्हाळी भुईमूग. गव्हासाठी ओढ्याकडच्या तुकड्यात येत्या जूनला सोयाबीन टाकतो म्हणाले, पण पेरणी यंत्र 8 नोव्हेंबरला पहिलं त्यांच्या रानात आलं पाहिजे. भाऊजींनी तसं स्वतःच्या वहीत लिहून घेतलंय.